टीव्हीवर बघण्यासारखे देशोदेशीचे डार्क कॉमेडी गुन्हेपट

सांजवात

खून, दरोडा, अपहरण असा सगळा मामला आणि तरी बघताना हसू फुटतं, अशा सिनेमांसाठी हा धागा काढते आहे. मारधाडीच्या सिनेमात मधूनमधून एखादं विनोदी पात्र पेरलेलं असतं, ते मला अभिप्रेत नाही. गुन्हा आणि विनोद एकाच प्रसंगातून उगवतात, एक काढला तर दुसरा उरतच नाही, असे सिनेमे हवेत. भाषा कुठलीही चालेल. विनंती एवढीच की शेवट फोडू नका.

सुरुवात माझ्या सगळ्यात लाडक्या सिनेमापासून करते. 'द लेडीकिलर्स' (१९५५), दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ एका कलंडलेल्या घरात मिसेस विल्बरफोर्स ही म्हातारी एकटी राहते. प्रोफेसर मार्कस नावाचा माणूस तिच्याकडे खोली भाड्याने घेतो. आम्ही पाच जण तंतुवाद्यं वाजवतो, सरावाला जागा हवी, असं सांगतो. पाचही जण दरोडेखोर. ग्रामोफोनवर बोकेरिनीची तबकडी लावायची आणि आत बेत शिजवायचा. म्हातारी थोड्या थोड्या वेळाने दार वाजवते, चहा हवा का विचारते, पोपटाला औषध पाजायला मदत मागते, आणि हे गडी घाईघाईने व्हायोलिनं हातात धरून उभे राहतात. पुढे तिला संपवायची वेळ येते तेव्हा काड्या ओढून माणूस ठरवतात, आणि ज्याच्यावर पाळी येते त्याला ते जमत नाही. ॲलेक गिनेस आणि पीटर सेलर्स दोघेही आहेत, पण सिनेमा खिशात घालते ती मिसेस विल्बरफोर्स झालेली केटी जॉन्सन. या भूमिकेसाठी तिला बाफ्टा मिळालं तेव्हा तिचं वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं.

दुसरा 'फार्गो' (१९९६), कोएन बंधूंचा. जेरी लंडगार्ड हा मोटारी विकणारा माणूस कर्जात बुडालाय, म्हणून स्वतःच्याच बायकोचं अपहरण घडवून आणतो, म्हणजे श्रीमंत सासऱ्याकडून खंडणी उकळता येईल. यातला एक छोटा प्रसंग मला संपूर्ण सिनेमाइतका मोलाचा वाटतो. सासऱ्याकडून नकार ऐकून जेरी बाहेर येतो. गाडीची काच बर्फाने झाकलेली. तो खरवडायला लागतो, मग संतापाने थयथयाट करतो, हातातलं खरवडणं फेकून देतो. आणि मग मुकाट्याने ते उचलून पुन्हा काच खरवडायला लागतो. कारण घरी तर जायचंच आहे!

या दोन्ही सिनेमांत हसू प्रेतामुळे येत नाही. आजूबाजूला भयंकर काही चाललेलं असताना जिवंत माणसं आपले शिष्टाचार, सवयी आणि बारीकसारीक काळज्या सोडत नाहीत, त्यामुळे येतं. आणि मरण मात्र खरंखुरं मरणच राहतं. ज्या सिनेमात मरणाला किंमत नसते तिथे मला विनोदही पोकळ वाटतो. तुम्ही सांगा.

धूमकेतू

उत्तम धागा सांजवातताई. या प्रकारात उत्तर युरोपवाल्यांचा हात धरणारं कोणी नाही असं माझं ठाम मत आहे.

नॉर्वेचा 'क्राफ्टइडिओटेन' (२०१४, दिग्दर्शक हान्स पेटर मोलान) बघितला नसेल तर आजच शोधा. इंग्रजीत 'इन ऑर्डर ऑफ डिसअपिअरन्स' नावाने सापडेल. स्टेलान स्कार्सगार्ड यात बर्फ हटवायचं अवजड यंत्र चालवणारा साधा माणूस आहे. गावाने त्याला नुकतंच उत्तम नागरिक म्हणून गौरवलेलं असतं. मुलगा अमली पदार्थाच्या टोळीच्या हातून मारला जातो आणि हा एकेका गुंडाला गाठत वर सरकतो. त्यातून नॉर्वेजियन आणि सर्बियन टोळ्यांमध्ये भलताच गैरसमज होऊन युद्ध पेटतं. सर्बियन म्होरक्या म्हणजे ब्रूनो गान्झ.

तुमच्या मरणाच्या मुद्द्याला इथे नेमकं उत्तर आहे. प्रत्येक माणूस मेला की पडदा काळा होतो आणि त्यावर त्याचं नाव आणि त्याच्या धर्माचं चिन्ह येतं, मृत्युलेखासारखं. पहिल्या दोन-तीन वेळा गंभीर वाटतं. मग हसू यायला लागतं. आणि शेवटी एकदम इतकी नावं येतात की हसावं की नाही कळत नाही. मेलेला गुंड कितीही क्षुद्र असो, त्याची नोंद होते. याच दिग्दर्शकाने २०१९ मध्ये लियम नीसनला घेऊन इंग्रजीत 'कोल्ड पर्सूट' केला. ठीक आहे, पण मूळ आधी बघा. स्कार्सगार्डच्या चेहऱ्यावरचा थकवा तिथे नाही.

'हेडहंटर्स' (२०११, मॉर्टन टिल्डम, यू नेस्बोच्या कादंबरीवरून) हा दुसरा. नायक बड्या कंपन्यांना अधिकारी मिळवून देतो आणि त्याच उमेदवारांच्या घरातली चित्रं चोरतो. उंची १ मीटर ६८ सेंटिमीटर, आणि तो न्यूनगंड भरून काढायला सगळा थाट. मग चुकीच्या माणसाचं चित्र चोरतो. संडासाच्या खड्ड्यात लपण्याचा प्रसंग जेवताना बघू नका, एवढंच सांगतो.

तिरपा

'हेडहंटर्स'ला सांजवात यांचा नियम लागू होत नाही. तिथे मरणाला फारशी किंमत नाही, तरी सिनेमा पकड घेतो. कारण त्यात किंमत दिलीय ती अपमानाला. त्या माणसाचा सूट, केस, गाडी, घर, बायकोचा विश्वास असं एकेक काढून घेत जातात, आणि शेवटी तो उघडावाघडा उरतो तेव्हाच तो आपल्याला आवडायला लागतो. डार्क कॉमेडीला काहीतरी खरं गमावलं जायला हवं हे मान्य. ते दर वेळी जीवच असायला हवं असं नाही.

सांजवात

तिरपा, हे पटलं. "काहीतरी खरं गमावलं जायला हवं" ही मांडणी माझ्यापेक्षा नेमकी आहे.

मुक्ता_

माझी आई हल्ली संध्याकाळी माझ्याबरोबर सिनेमे बघते. रक्त अजिबात बघवत नाही तिला, पण रहस्यकथा आणि तिरकस विनोद मनापासून आवडतो. तिच्यासाठी काय सुचवाल? लेडीकिलर्स नोंदवून ठेवला आहे.

अनुस्वार

मुक्ता, डोळे मिटून हिचकॉकचा 'द ट्रबल विथ हॅरी' (१९५५) लावा. व्हरमाँटमधलं शरद ऋतूतलं लाल-पिवळ्या झाडांचं रान, आणि त्यात हॅरी नावाच्या माणसाचं प्रेत. एका म्हाताऱ्या कप्तानाला वाटतं आपल्या बंदुकीच्या गोळीने मेला. आणखी एकीला वाटतं आपल्यामुळे मेला. मग त्याला पुरतात, उकरतात, पुन्हा पुरतात, आणि या खटाटोपात दोन जोड्या जमतात. कोणी किंचाळत नाही, कोणी रडत नाही. रक्ताचं नावसुद्धा जवळपास नाही. शर्ली मॅकलेनचा हा पहिला सिनेमा आणि संगीतकार बर्नार्ड हरमननेही हिचकॉकबरोबर पहिल्यांदा इथेच काम केलं. प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत फारसा चालला नाही. मला तो हिचकॉकच्या सगळ्यात मोकळ्या सिनेमांपैकी वाटतो.

आणि फ्रँक काप्राचा 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (१९४४). दोन प्रेमळ मावश्या एकट्या म्हाताऱ्यांना दुःखातून सोडवण्यासाठी विषारी मद्य पाजतात, आणि स्वतःला अध्यक्ष रूझवेल्ट समजणारा भाचा तळघरात पनामा कालवा खणतो आहे अशा समजुतीने त्यांच्यासाठी खड्डे करतो. चित्रीकरण १९४१ मध्येच झालं होतं, पण मूळ नाटक ब्रॉडवेवर जोरात चालू असल्याने सिनेमा थांबवून ठेवला होता. कॅरी ग्रँट जरा जास्तच धावपळ करतो, पण मावश्या सांभाळून घेतात.

रानवारा

'इन ब्रूज' (२००८) कोणीच कसं आणलं नाही? मार्टिन मॅकडोना. दोन आयरिश मारेकरी, एक काम भयंकर बिघडल्यामुळे नाताळाच्या दिवसांत बेल्जियममधल्या ब्रूज या मध्ययुगीन शहरात लपून बसायला पाठवलेले. केनला (ब्रेंडन ग्लीसन) ते शहर मनापासून आवडतं, रेला (कॉलिन फॅरल) तिथे एक क्षण राहवत नाही. पहिला अर्धा तास तुम्ही नुसते हसता. मग काम कसं बिघडलं ते कळतं आणि तोवरच्या हसण्याचा अर्थ बदलतो.

सांजवातताईंनी शिष्टाचाराबद्दल जे म्हटलंय त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. शेवटाकडे दोन माणसं एका छोट्या हॉटेलात एकमेकांवर बंदुका रोखून उभी आहेत. मध्ये जिन्यावर हॉटेलची गरोदर मालकीण. ती हटायला तयार नाही. मग दोघे आरडाओरडा करत, पण अत्यंत समंजसपणे ठरवतात की तू कुठून बाहेर पडणार, मी कुठून येणार, म्हणजे हिला धक्का लागणार नाही. राल्फ फाइन्सचा हॅरी, म्हणजे या मारेकऱ्यांचा साहेब, क्रूर आहे, पण त्याचे नियम पक्के आहेत आणि ते स्वतःलाही लावण्याची त्याची तयारी आहे. त्या नियमांमुळेच तो हास्यास्पद होतो आणि त्यांच्यामुळेच आदरणीयही.

कोरा_कागद

रानवारा, मी 'इन ब्रूज' पूर्ण बघितला आणि मला तो आवडला नाही. ज्या घटनेवर तो उभा आहे (शेवट नाही, पण ज्यांना काहीच नको असेल त्यांनी पुढचं वाचू नये) ती एका लहान मुलाचा मृत्यू आहे. त्या मुलाच्या हातातली चिठ्ठी दाखवतात, आणि दहा मिनिटांनी आपण पुन्हा पर्यटकांच्या वजनावरच्या विनोदावर हसावं अशी अपेक्षा असते. मला ते जमलं नाही. दिग्दर्शकाला दोन्ही हवं आहे असं वाटलं.

रानवारा

तुमचा आक्षेप समजतो, आणि मूल आलं की अनेकांचं असं होतं. पण त्या चिठ्ठीत काय आहे आठवा. त्या मुलाने कबुलीजबाबासाठी स्वतःची पापं लिहून आणलेली असतात: चिडचिड, गणितात कच्चं असणं, उदास राहणं. एवढ्यासाठी एक मूल क्षमा मागायला आलं होतं. रे त्यानंतर एकही विनोद मनापासून करत नाही. तो बोलतो ते गप्प बसणं असह्य होतं म्हणून. ग्रोनिंग संग्रहालयात बॉशच्या चित्रासमोर, अंतिम न्यायनिवाड्यासमोर, तो उभा राहतो तिथे फॅरलचा चेहरा पुन्हा बघा. त्याला त्या वर्षी गोल्डन ग्लोब मिळालं ते योग्यच होतं.

कोरा_कागद

चिठ्ठीचा मुद्दा मान्य. तरीही मी पुन्हा बघणार नाही. प्रत्येकाची एक रेषा असते, माझी तिथे आहे.

माझ्याकडून अर्जेंटिनाचा 'वाइल्ड टेल्स' (२०१४, दामियान सिफ्रॉन). सहा स्वतंत्र गोष्टी, सगळ्या सूडाच्या. ऑस्करचं नामांकन होतं. मला सगळ्यात जवळची वाटली ती रिकार्दो दारीनची. इमारती सुरुंग लावून पाडणारा अभियंता. मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला थांबतो आणि गाडी उचलून नेतात. रस्त्यावर नीट खूण नव्हती असं तो खिडकीतल्या माणसाला सांगत राहतो, तो माणूस दंड भरा म्हणत राहतो. पुढे काय होतं हे त्याच्या व्यवसायावरून ओळखता येतं, तरी बघताना श्वास अडकतो. यात एकही राक्षस नाही. काचेपलीकडचा माणूसही नियमाने वागतो.

शीर्षकांच्या आधी येणारी विमानातली गोष्ट मात्र आता वेगळी दिसते. हा सिनेमा ब्रिटनमध्ये मार्च २०१५ मध्ये लागला, त्याच आठवड्यात जर्मनविंग्जचं विमान आल्प्समध्ये सहवैमानिकाने मुद्दाम पाडलं. १५० माणसं गेली. तिथल्या चित्रपटगृहांनी प्रेक्षकांसाठी सूचना लावल्या. सिनेमा आधीचा आहे, दोष कोणाचाच नाही. पण मी ती गोष्ट आता हसून बघू शकत नाही.

तिरपा

वास्तव असं मागून येऊन सिनेमाला गाठतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३), बाँग जून-होचा. 'पॅरासाइट'मुळे हे नाव सगळ्यांना माहीत झालं, पण माझ्या मते त्याचं सर्वश्रेष्ठ काम हेच. १९८६ ते १९९१ या काळात दक्षिण कोरियात ह्वासाँग भागात झालेल्या स्त्रियांच्या हत्यांवर आधारलेला. साँग कांग-हो हा गावातला हवालदारी वळणाचा पोलीस. डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो असा त्याचा दावा. पहिल्याच पंचनाम्यात पुराव्याच्या पाऊलखुणेवरून ट्रॅक्टर जातो. मतिमंद मुलाला पकडून, मारून, बुटाचे ठसे स्वतः उमटवून कबुलीजबाब तयार करतात. हे सगळं इतकं ओबडधोबड विनोदी आहे की आपण हसतोच.

२०१९ मध्ये डीएनएवरून खरा खुनी सापडला. तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीच तुरुंगात होता. आणि याच मालिकेतल्या एका खुनासाठी एका निरपराध माणसाने पोलिसांनी वदवून घेतलेल्या कबुलीवर सुमारे २० वर्षं तुरुंगात काढली होती. २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. सिनेमातला विनोद म्हणजे वाढवून सांगितलेली गोष्ट नव्हतीच. सगळं शांतपणे बघा, शेवटचा शॉट विशेषतः.

धूमकेतू

तिरपा, हे वाचून सुन्न झालो. निरपराध माणसाचं माहीत नव्हतं.

सांजवात

चर्चा गंभीर वळणावर आलीच आहे तर स्पेनचा 'एल वेर्दुगो' (१९६३) सांगते. लुईस गार्सिया बेर्लांगा. अंत्यसंस्काराच्या कंपनीत काम करणारा तरुण म्हाताऱ्या जल्लादाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. सरकारी घर हवं असेल तर जावयाने सासऱ्याची नोकरी चालवायला हवी. तो बिचारा सही करतो, आता कोणाला देहदंड होतोय, असं मनाला समजावत. रोज वर्तमानपत्रात भांडणांच्या बातम्या वाचून घाबरतो, कोणी कोणाला मारलं तर आपल्याला बोलावतील म्हणून. आणि मायोर्काहून बोलावणं येतं. बायको, बाळ, सासरा सगळे हौसेने बरोबर निघतात, समुद्रकिनारा आहे ना!

हे फ्रँकोच्या हुकूमशाहीत, सेन्सॉर डोक्यावर बसलेलं असताना केलं. सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनने दोन अराजकवाद्यांना गॅरटने (गळा आवळून मारायच्या यंत्राने), म्हणजे सिनेमातल्याच पद्धतीने, मारलं होतं. शेवटाकडे एका मोठ्या रिकाम्या, पांढऱ्या दालनात दोन घोळके चालत जातात. पुढच्या घोळक्यात कैदी. मागच्यात जल्लाद, आणि ओढून न्यावं लागतंय ते जल्लादाला. कॅमेरा लांबून, उंचावरून बघतो. जवळचा शॉट नाही, संगीत नाही. गुन्हेगार कोण हा प्रश्न इतक्या कमी शब्दांत विचारलेला मी दुसरीकडे बघितला नाही.

अनुस्वार

तो शॉट टीव्हीवर नीट दिसला पाहिजे, म्हणून थोडं तांत्रिक सांगते, कारण हे सिनेमे बहुतेक जण घरीच बघणार.

एक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग असतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. दोन, झूम करून पडदा भरू नका. वरखाली काळ्या पट्ट्या राहू द्या. 'फार्गो'तलं पांढऱ्या बर्फात काठाला उभं असलेलं एकटं माणूस कापलं गेलं तर विनोद आणि भीती दोन्ही जातात. तीन, मूळ आवाज आणि सबटायटल्स. डबिंगमध्ये 'फार्गो'तल्या मिनेसोटाच्या माणसांच्या बोलण्यातली ती हेल काढून केलेली सौम्य मान-डोलावणी पार नाहीशी होते, आणि अर्धा सिनेमा त्यातच आहे. चार, जाहिराती मध्ये येणारी वाहिनी असेल तर रेकॉर्ड करून बघा. या सिनेमांत विनोदानंतरची शांतता फार महत्त्वाची असते, तिथेच जाहिरात आली तर प्रसंग मरतो.

मुक्ता_

मोशन स्मूदिंग बंद केलं. केवढा फरक आहे! आईबरोबर हॅरी बघितला. ती म्हणाली की प्रेताचे मोजे बघून तिला सगळ्यात जास्त हसू आलं. आता मी स्वतःसाठी 'फार्गो' बघितला. एक प्रश्न: तपास करणारी पोलीस अधिकारी मार्ज तिच्या जुन्या वर्गमित्राला, त्या माइकला, हॉटेलात भेटते तो प्रसंग कशाला आहे? त्याचा गुन्ह्याशी काहीच संबंध नाही.

तिरपा

त्यावर बरंच लिहिलं गेलंय. मला पटलेलं सांगतो. माइक रडतो, बायको वारली म्हणतो, मार्जला वाईट वाटतं. नंतर मैत्रिणीकडून कळतं की सगळं खोटं होतं. मार्ज विचारात पडते आणि त्यानंतर लगेच पुन्हा जेरीकडे जाते. चांगल्या घरचा, नम्र बोलणारा माणूसही सहज खोटं बोलू शकतो हे तिला त्या भेटीतून उमगलेलं असतं. मार्ज सिनेमात येते तेच जवळजवळ अर्धा तास झाल्यावर, तरी फ्रान्सिस मॅकडोरमँडला मुख्य भूमिकेचं ऑस्कर मिळालं, ते अशा छोट्या वळणांमुळे.

रानवारा

मला तो प्रसंग त्याहून साधा वाटतो. तो माणूस एकाकी आहे आणि मार्ज त्याच्याशी दयाळूपणे, पण ठामपणे वागते. बाजूला बसायला आला तर समोर बस म्हणते. पुढे खुन्याशीही ती त्याच सुरात बोलते. तिला दया आणि दरारा एकाच आवाजात जमतो.

कोरा_कागद

+१ रानवारा.

धूमकेतू

डेन्मार्कचा 'रायडर्स ऑफ जस्टिस' (२०२०, आंदेर्स थॉमस येन्सेन) राहिला होता. मॅड्स मिकेल्सन सैनिक, बायको रेल्वे अपघातात जाते. तिला आपली जागा देणारा संख्याशास्त्रज्ञ बचावतो आणि हा अपघात नव्हता असं गणिताने सिद्ध करून त्याच्या दारात येतो, बरोबर आणखी दोन विक्षिप्त मित्र. सूडाचा सिनेमा म्हणून सुरू होतो. पण खरा विषय हा की शोक झालेल्या माणसाला कारण हवं असतं, कुठलंही चालतं. तिघांपैकी प्रत्येकाच्या मागे काही दुखणं आहे आणि ते विनोदाच्या आडून हळूहळू बाहेर येतं. मी बघताना रडलो.

अनुस्वार

आणखी दोन कोरियन सिनेमे आणि एक फ्रेंच, मग थांबते.

'अ हार्ड डे' (२०१४, किम साँग-हून). आईच्या अंत्यविधीला निघालेल्या पोलिसाच्या गाडीखाली माणूस येतो. ते प्रेत कुठे लपवायचं? त्याला एकच जागा सुचते, आईची शवपेटी. खेळण्यातला रांगणारा सैनिक वापरून हवेच्या नळीतून तो प्रेत ओढतो. आणि शवपेटी बंद झाल्यावर आतून मोबाइल वाजतो. ली सन-क्यून या अभिनेत्याची ती घामेजलेली धावपळ बघाच. 'पॅरासाइट'मधला श्रीमंत घरमालक तोच.

दुसरी जोडी डोनाल्ड वेस्टलेकच्या 'द ॲक्स' या १९९७ च्या कादंबरीवरची. कागद उद्योगातला माणूस नोकरी गमावतो आणि त्याच पदासाठी पात्र असलेल्या बाकीच्या उमेदवारांना एकेक करून संपवायचं ठरवतो. फ्रेंचमध्ये कोस्टा-गाव्रासने 'ल कूपरे' (२००५) केला, कोरियनमध्ये पार्क चान-वूकने 'नो अदर चॉइस' (२०२५). गाव्रासचा सिनेमा थंड आणि नेमका आहे. पार्कचा नायक खून करायला जातो आणि समोरच्या बेकाराचं घर, बायको, त्याची हताशा बघून त्याला आपलंच आयुष्य दिसतं. मला पार्कचा जास्त भिडला.

सांजवात

मी फक्त गाव्रासचा बघितला आहे आणि मला तो थंडपणाच आवडला होता. अर्ज भरावा तितक्या शिस्तीने तो माणूस खून करतो. नायकाचा कळवळा आला की त्याला माफ करणं सोपं होतं अशी मला भीती वाटते. पार्कचा या शनिवारी बघून इथेच लिहिते, मग वाद घालू.